कधीच अनवाणी न धावलेली

रविवारी सकाळी टीव्हीवर मॅरेथॉन लागली की आमच्या घरात शेवटपर्यंत बसते ती मी एकटी. मला धावण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी थांबते ती शर्यत संपल्यानंतरच्या दोन मिनिटांसाठी. बेचाळीस किलोमीटर पळून आलेला माणूस, ओठांवर मीठ सुकलेलं, पाय लटपटताहेत, आणि कुणीतरी त्याच्या तोंडापुढे माइक धरून विचारतं, ‘कसं वाटतंय?’ अहो, कसं वाटणार! चार मजले गॅसचा सिलिंडर खांद्यावरून चढवणाऱ्याला आपण दारात थांबवून असं विचारतो का? पण तो बिचारा उत्तर देतो. इथला, म्हणजे न्यूझीलंडचा, किवी असला तर जग जिंकूनसुद्धा ‘येह, नाह, नॉट टू बॅड’, म्हणजे ‘ठीकच’, एवढ्यावर भागवतो. कुणी देवाचे आभार मानतो, कुणी कोचचे, कुणी नुसताच रडतो. आणि आपण सोफ्यावर चहाचा कप धरून ठरवून टाकतो, हा किती नम्र, ही जरा शिष्टच दिसते, आणि त्या पलीकडचीला तर गर्व झालाय.

दीपाली शेडगे भेटल्यापासून मी हे ठरवणं सोडून दिलं. तिनं मला शिकवलं की माइकपुढे उभा असतो तो माणूस नसतोच, त्याचं नुसतं शरीर पोचलेलं असतं. माणूस मागून येत असतो.

ती मला पहिल्यांदा भेटली २०१३ साली, ऑकलंडमधल्या हेन्डरसनला, बुटांच्या दुकानात. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून मी कुरकुरत चालायचे बूट घ्यायला गेले होते. आत स्टुलावर एक सडसडीत, सावळी मुलगी बसली होती. ती माझ्या तोंडाकडे बघेचना. थेट पायांकडे बघत होती. पायांत माझ्या जँडल्स. इथे रबरी सपातांना जँडल्स म्हणतात आणि लोक त्या घालून बँकेतसुद्धा जातात.

‘मराठी ना?’ तिनं पायांकडे बघतच विचारलं.

‘तुला काय माहीत?’

‘जोडवी,’ ती म्हणाली आणि मग वर बघून छान हसली. ‘काकू, ह्या सपातांत चालू नका. गुडघ्यांची वाट लागेल.’

काकू! मला पन्नाशीही लागली नव्हती आणि ती काही दुधपिती नव्हती, पंचविशी ओलांडलेली होती. मी म्हटलं, काकू म्हणालीस तर बूट घेणार नाही. ती म्हणाली, ‘बरं काकू.’ तो प्रश्न तिथेच मिटला. पुढे सहा वर्षं मी काकूच राहिले.

पायांकडे बघणं ही तिची खोडच होती. गणपतीला आमच्याकडे आली की आधी दारातल्या चपलांच्या ढिगापुढे उभी राहायची. ‘देशपांडे काका आलेत, टाच आतून झिजलेली. अय्या, आणि ह्या नव्या बुटांना कुणाचा तरी अंगठा फार त्रास देतोय.’ आत गेल्यावर त्या अंगठ्याच्या मालकाला शोधून काढायची आणि आरती होईपर्यंत त्याला लेस बांधायला शिकवायची. तोंडं मात्र विसरायची. माझ्या नवऱ्याला, अविनाशला, तिनं दोनदा ‘तुम्ही नवीन का इकडे?’ असं विचारलं. तो शूज काढून सॉक्सवर उभा होता, तिचा तरी काय दोष!

ती मूळची सातारा जिल्ह्यातली, कोरेगावजवळच्या एका गावातली. वडील एस.टी.त कंडक्टर होते, ती कॉलेजात असताना गेले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दीपाली नॅशनलपर्यंत धावून आली होती, मग इथे डिप्लोमा करायला आली आणि ह्या दुकानात लागली. मालक ग्रॅहम, साठीचा, स्वतः कधीकाळी धावलेला. तिला सकाळी पळून यायला उशीर झाला तर काउंटरवर तिच्यासाठी टोस्ट ठेवून ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘काही हरकत नाही’, म्हणणारा. शर्यतींत तिला अगदी पहिल्या ओळीत उभं करायचे. सगळ्यांच्या छातीवर नंबर, हिच्या छातीवर नाव. त्या एका ओळीतली चारसहा माणसं म्हणजे एलिट. बाकीचे हजारो त्यांच्या मागून, माझ्यासारखे टीव्हीपुढे.

आता माझं सांगते. मी शनिवारी सकाळी इथल्या कम्युनिटी रेडिओवर अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम करते. फुकट काम, हौस म्हणून. ऐकणारे म्हणजे ऑकलंडपासून जॉन्सनव्हिलपर्यंत विखुरलेली आपली मंडळी, आणि इंटरनेटवरून त्यांचे भारतातले आईवडील. आपल्या गावात एवढी मोठी धावपटू आणि तिची मुलाखत नाही म्हणजे काय! मी प्रश्नांचा कागद भरून तयार केला आणि तिला स्टुडिओत नेऊन बसवलं.

‘दीपाली, सकाळी किती वाजता उठतेस?’

‘लवकर.’

‘धावताना मनात काय काय विचार येतात?’

‘काही नाही.’

‘साताऱ्यात धावणं आणि न्यूझीलंडमध्ये धावणं, काय फरक जाणवतो?’

ह्यावर तिनं पुष्कळ विचार केला. रेडिओवर शांतता म्हणजे काय असते ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. शेवटी म्हणाली, ‘इथे वारं आहे.’

कागद संपला आणि निम्मा कार्यक्रम शिल्लक! मी लागोपाठ तीन भावगीतं लावली. नंतर फोन आले, ‘काय हो, भाव खाते का ती?’ मीही जरा फुगलेच होते. पण स्टुडिओतून बाहेर पडून आम्ही पार्किंगमध्ये आलो आणि बाईसाहेबांना कंठ फुटला. गाडीला टेकून तासभर बोलत होती. धावायला शिकवणाऱ्या माने सरांनी लहानपणी सगळ्या पोरांना बजावून ठेवलं होतं, धावताना बोललं की दम जातो. हिनं ते आयुष्यालाच लावून घेतलं. कुणी फार बडबड करायला लागलं की हसून म्हणायची, ‘सांभाळून, दम जाईल.’ आणि अडचणीची कुठलीही गोष्ट निघाली, व्हिसा असो, गुडघा असो, लग्न असो, तिचं उत्तर ठरलेलं, ‘बघू पुढच्या वळणाला.’

त्या पार्किंगमध्ये तिनं मला आईबद्दल सांगितलं. गावात त्यांना सगळे शालन बाई म्हणतात. शनिवारी शाळेत पी.टी.चा पांढरा ड्रेस असायचा. शुक्रवारी संध्याकाळी शालन बाई लेकीचे कॅनव्हासचे बूट धुवायच्या आणि ओले असतानाच त्यांना पांढरा खडू फासायच्या. सकाळी वाळले की लख्ख! ‘बाईच्या मुलीचे बूट मळके दिसता कामा नयेत,’ हे त्यांचं वाक्य. पुढे धावण्याचे खिळ्यांचे बूट हवे झाले तेव्हा त्या लेकीला घेऊन एस.टी.नं पुण्याला गेल्या. दुकानदार मुलांचे बूट काढायला लागला. शालन बाई म्हणाल्या, ‘मुलीसाठी दाखवा. धावणाऱ्या मुलीसाठी.’ हे सांगताना दीपालीचा आवाज असा काही लागला की मला तिथे माइक नसल्याची चुटपुट लागली.

‘हे आत का नाही बोललीस, बये?’

‘आत माइक होता ना.’

घ्या! मी हात टेकले.

पुढच्या वर्षी हॅमिल्टनच्या पलीकडे एका लहान गावात मॅरेथॉन होती. ग्रॅहमला दुकान सोडता येत नव्हतं म्हणून अविनाश आणि मी तिला गाडीनं घेऊन गेलो. माझ्याकडे एकच जबाबदारी होती, स्टीलच्या डब्यात दहीभात. वर मेतकूट, बाजूला लिंबाच्या लोणच्याची एक फोड. शर्यत संपली की तिला दुसरं काही नको असायचं. इथले धावपटू कसल्याकसल्या चिकट पुड्या तोंडात पिळतात, ही दहीभाताच्या आशेवर पळायची. त्या दिवशी वारं असं सुटलं होतं की माझी ओढणी एका गाईच्या कुंपणाला जाऊन अडकली. दीपाली पहिली आली. दुसरी कुणी दिसतसुद्धा नव्हती मागे.

मी डबा उघडून पुढे होणार तोच एका वर्तमानपत्राची मुलगी मध्ये शिरली. चांगली होती बिचारी, गुलाबी रेनकोट, हसरा चेहरा. तिनं भारतातल्या खेड्यांबद्दल कुठे काय वाचलं होतं कोण जाणे.

‘तू लहानपणी अनवाणी धावायचीस का?’

‘येस,’ दीपाली म्हणाली. डोळे माझ्या हातातल्या डब्यावर.

‘पाणी आणायला?’

‘येस.’

‘रोज? डोक्यावर हंडा घेऊन?’

‘येस, येस.’

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं दीपालीला मिठी मारली, फोटो काढला आणि गेली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, ‘अगं, काय सांगितलंस तू तिला?’

‘कुणाला?’ ही आपली भात खातेय.

मी सगळं सांगितलं तेव्हा घास तोंडात तसाच ठेवून ती हसत सुटली. ‘काकू, शर्यत संपली की डोकं बंद असतं हो. कानात नुसतं घूं होतं. तिनं तू चंद्रावरून आलीस का विचारलं असतं तरी येसच म्हटलं असतं. हो म्हटलं की माणूस लवकर जातो. आम्ही सगळे तेच करतो.’

तर जगातल्या मोठमोठ्या धावपटूंच्या मुलाखतींचं हे असं गुपित आहे! आम्ही तिघं हेन्डरसनपर्यंत हसत आलो.

बातमी छापून आली. अनवाणी पाय, डोक्यावर हंडा, मैलोन्‌मैल रान. ग्रॅहमनं हौसेनं ती फ्रेम करून दुकानात लावली. आता तुम्हीच बघा, अनवाणी मुलीची बातमी आणि तिच्याखाली बसून तीच मुलगी बूट विकतेय! गिऱ्हाइकं यायची, फ्रेम वाचायची, तिच्याकडे बघून हळवी व्हायची आणि पायांना न बसणारे बूटसुद्धा घेऊन जायला तयार व्हायची. ती त्यांना परत बसवायची, ‘ताई, हे लहान होतायत तुम्हाला,’ आपल्या इंग्रजीत. आमची मुलगी इथे जन्मलेली. तिला मराठी समजतं, बोलते मात्र इंग्रजीतच. तीसुद्धा म्हणाली, ‘आई, शी इज सो इन्स्पायरिंग.’ मी म्हटलं, गप गं, त्यांच्या घरात नळ होता.

हसणं संपलं ते तिकडे साताऱ्यात. तिथल्या एका वर्तमानपत्रानं ही बातमी उचलली. ‘हंडा घेऊन अनवाणी धावणारी लेक सातासमुद्रापार पहिली.’ गावातल्या एका मंडळानं मोठा समारंभ केला आणि शालन बाईंचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि आठवण म्हणून काय दिलं असेल? पितळेचा हंडा! भाषणं झाली, मुलीच्या रक्ताळलेल्या पायांची वर्णनं झाली. शालन बाई तो हंडा मांडीवर घेऊन स्टेजवर बसून होत्या. समोर त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यातल्या निम्म्यांनी ते पांढरेशुभ्र बूट दर शनिवारी बघितलेले.

घरी आल्यावर त्यांनी फोन लावला. ‘पेपरात आलंय ते तू म्हणालीस?’

‘आई, ती विचारत होती आणि मी नुसतं...’

‘म्हणालीस का?’

‘हो.’

फोन बंद. त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा, पण दोन वाक्यांचा. बरी आहेस ना? ठेवते. त्या उन्हाळ्यात त्या इथे यायच्या होत्या, पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता. म्हणाल्या, ‘अनवाणी पोरीच्या घरी काय यायचं? पायांत काय घालून यायचं मी?’

दीपाली वरून काही दाखवणारी नव्हती. पण ती थट्टा करेनाशी झाली. दारातल्या चपलांपुढे उभी राहीनाशी झाली. मला एकदा भाजी चिरताना म्हणाली, ‘काकू, बाबा गेल्यावर आईनं एकटीनं सगळं केलं. आणि तिनं काही केलंच नाही, असं मी जगभर सांगितलं.’ मी कांदा चिरत राहिले. तिला फक्त एवढंच हवं होतं, की तिच्या तोंडून गेलेलं तिच्याच तोंडून परत यावं आणि आईनं ते ऐकावं.

वाटतं तितकं सोपं नव्हतं ते. तिनं वर्तमानपत्राला कळवलं. त्यांनी आतल्या पानावर, गवत कापायच्या यंत्रांच्या जाहिरातींखाली, दोन ओळी छापल्या. ग्रॅहमनं फ्रेम काढली, त्याला फार वाईट वाटलं. पुढच्या शर्यतीनंतर ती धापा टाकत म्हणाली, ‘माझ्याकडे बूट होते.’ माइकवाला गृहस्थ गहिवरला, ‘किती विनम्र! स्वतःचे कष्टसुद्धा लपवते!’ एकदा म्हणाली, ‘आमच्या घरी नळ होता.’ सगळे खो खो हसले, काय गोड विनोद म्हणून. एकदा मनात गोष्ट छापली गेली की माणसं ती पुसू देत नाहीत. मग तिनं बोलणंच सोडलं. शर्यत संपली की माइक चुकवून तंबूत निघून जायची. झालं! आता ती शिष्ट. आपल्या मंडळींत तर चघळायला विषयच मिळाला, ‘मोठी झाली ना, आता कशाला बोलतेय.’ मी एका हळदीकुंकवात एकीला फाडकन म्हटलं, ‘तू जिना चढून ये आधी आणि मग बोलून दाखव.’ माझा स्वभाव तुम्हाला आता कळला असेल.

अशी तीनेक वर्षं गेली असतील. ऑकलंडला एक मोठी शर्यत होती, टीव्हीवर थेट दाखवणार होते. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘काकू, डबा मोठा आणा. आणि अगदी दोरीपाशी उभ्या राहा.’

‘का गं?’

‘चूक माझी पळण्यात नाही झाली. उपाशीपोटी बोलण्यात झाली.’

ती दुसरी आली. पहिलीपेक्षा लोक हिच्याकडेच बघत होते, कारण ती ‘अनवाणी मुलगी’. टीव्हीवाला गृहस्थ माइक घेऊन पुढे झाला. तिनं त्याला हात जोडून ‘किआ ओरा’, म्हणजे इथला नमस्कार, म्हटलं, त्याच्या बाजूनं निघाली आणि सरळ माझ्यापाशी येऊन फुटपाथच्या कडेला बसली. डबा घेतला. झाकण काढलं. आणि जेवायला लागली.

थेट प्रक्षेपण चालू! कॅमेरा तिच्यावर, सगळा न्यूझीलंड बघतोय, आणि ही बोटांनी भात कालवतेय. घाई नाही, काही नाही. लोणच्याची फोड चोखून बाजूला ठेवली. त्या गृहस्थानं वाऱ्याबद्दल सांगितलं, रस्त्याबद्दल सांगितलं, पुन्हा वाऱ्याबद्दल सांगितलं. मी भावगीतं लावली होती ना, तस्संच. मला त्याची दया आली, पण मी त्याच्याकडे न बघता पाण्याची बाटली धरून उभी राहिले. तिनं डब्याची कड पुसून शेवटचं शीत खाल्लं, हात धुतला, तोंड पुसलं आणि उभी राहिली. तोवर डोळ्यांत माणूस परत आलेला होता. मी स्वतः बघितला तो येताना.

‘हं,’ ती इंग्रजीत म्हणाली, ‘आता विचारा.’

त्यानं तेच विचारलं. अनवाणी, खेडं, पाणी.

‘नाही,’ दीपाली म्हणाली. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. ‘मी आयुष्यात एकदाही अनवाणी धावले नाही. मी पूर्वी हो म्हणाले, कारण मी दमले होते आणि मला भूक लागली होती. माझी आई शाळेत शिकवते. ती दर आठवड्याला माझे बूट धुवायची आणि शाळेतला खडू लावून पांढरे करायची. मी धावते कारण मी धावावं हे तिला हवं होतं. तिचं नाव शालन शेडगे. तुम्हाला एकच गोष्ट सांगायची असेल तर हे नाव सांगा.’

माझ्या फोनवर मी सगळं रेकॉर्ड करत होते. रडू येत होतं ते मी लपवलंही नाही.

संध्याकाळच्या बातम्यांत त्यांनी काय दाखवलं माहितीये? फक्त भात खाताना! बोलणं कापलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले तर दुकानदार विचारतो, त्या बाईनं डब्यात काय खाल्लं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी मी माझ्या कार्यक्रमात ती मुलाखत पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली, मध्ये मराठीत समजावून सांगितली, वर दोनदा लावली. दीपालीनं तिची लिंक आईला पाठवली. उत्तर आलं नाही. रविवारचा फोन नेहमीसारखाच, बरी आहेस ना, ठेवते.

‘ऐकलं नसेल अजून,’ मी म्हटलं.

‘बघू पुढच्या वळणाला,’ ती म्हणाली. पण ह्या वेळी हसली नाही.

मग एका संध्याकाळी ती आमच्याकडे पोळ्या लाटत होती. तिचा फोन वाजला. हात पिठात, म्हणून मीच तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला. तिकडे शाळेची मधली सुट्टी असावी, पोरांचा गलका ऐकू येत होता.

‘दीपाली!’ काय तो आवाज! अविनाश बाहेरच्या खोलीत ताठ बसला. ‘तुला काही अक्कल आहे का?’

‘काय झालं आई?’

‘खडूचं कशाला सांगितलंस? लोक म्हणतील, बाई सरकारी खडू घरी नेत होत्या! अगं, तुकडे होते ते. फळ्याखाली पडलेले. पोरं एकमेकांना मारतात ते. अख्खा खडू मी कधी घरी आणलाय?’

‘नाही आई.’

‘मग तसं सांगायचं. तुकडे म्हणायचं. आणि पुण्याला जाऊन खिळ्यांचे बूट घेतले, ते नाही का सांगायचं? ते राहिलंच. दोन एस.ट्या बदलून गेलो होतो आपण.’

‘हो आई.’

‘नुसतं हो हो करू नकोस! तुझ्या हो म्हणण्यानंच झालंय हे सगळं. काय सांगशील पुढच्या वेळी? म्हणून दाखव.’

आणि माझ्या स्वयंपाकघरात, पिठाचे हात पुढे धरून, ऑकलंडची नामवंत धावपटू दुसरीतल्या मुलीसारखी उभी राहून म्हणायला लागली. ‘फळ्याखालचे तुकडे होते. आई मला पुण्याला घेऊन गेली. दोन एस.ट्या बदलून...’ पुढे तिला बोलता येईना. पलीकडून नुसता पोरांचा गलका. मी तव्यावरची पोळी करपू दिली.

शालन बाई म्हणाल्या, ‘तो हंडा मी शाळेत देऊन टाकलाय. व्हरांड्यात ठेवलाय. पोरं पाणी पितात.’ आणि मग, ‘रिटायर झाले की येते. तिकडे थंडी फार असते का गं?’

त्या दिवशी तो फोन पोळ्या संपून गार होईपर्यंत चालला. माझा जीव भांड्यात पडला.

शालन बाई आल्या. बुटकी, ताठ बाई, चष्मा दोरीला बांधलेला. लेकीच्या दुकानात स्टुलावर बसल्या आणि पाय पुढे केला. दीपाली राखाडी बूट दाखवत होती, निळे दाखवत होती. त्यांनी पांढऱ्यावर बोट ठेवलं. ‘आई, इथे पाऊस, चिखल, लगेच मळतील.’ शालन बाई म्हणाल्या, ‘मला येतात स्वच्छ करता.’ ग्रॅहमला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तो मागे जाऊन उगाच खोकी आवरत बसला.

दीपाली आता दक्षिणेकडे एका गावात शाळेतल्या मुलांना धावायला शिकवते. आमचं भेटणं कमी झालंय. तिनं ऑकलंड सोडण्याआधी मी तिला शेवटचं पाहिलं ते २०१९च्या एका रविवारी, तिच्या इथल्या शेवटच्या शर्यतीत. पाऊस नुकताच थांबला होता. गवतावर मी, माझ्या शेजारी शालन बाई, साडीवर लेकीचं जाड जाकीट, पायांत ते बूट, आणि हातात डबा. ह्या वेळी डबा माझ्याकडे नव्हता. तो मान त्यांचा.

दीपाली तिसरी आली. एक तरुण मुलगा माइक घेऊन तिच्याकडे धावला. तो पोचायच्या आत शालन बाईंनी तळहात वर केला. वर्ग शांत करताना करतात तसा.

‘थांबा. आधी जेवू दे तिला.’

मराठीत. आणि तो पोरगा थांबला! कॅमेरावालाही थांबला. दीपाली ओल्या गवतावर बसून कालवायला लागली. मुलगा अवघडून उभा होता. मग त्यानं विचार केला असावा की वेळ तरी का घालवा. त्यानं माइक शालन बाईंपुढे धरला. मुलीबद्दल काही सांगाल का?

त्यांनी चष्मा लावला. दोन महिने पाठ करत असाव्यात. कॅमेऱ्यात बघून, खणखणीत आवाजात, आमच्या सगळ्यांच्या इंग्रजीला लाजवील अशा ठामपणे म्हणाल्या, ‘शी हॅड शूज.’ थांबल्या. स्वतःच्या पायांकडे बघितलं, तिथे चिखलाचा एक ठिपका नव्हता. ‘ऑलवेज.’

दीपाली डब्याची कड बोटानं पुसत होती. तिनं वर मान करून बघितलंसुद्धा नाही.